चंदी, तोबरा आणि रक्ताची चाचणी

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला फोन केला, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं घोड्याच्या दाणावैरणीशी काय काम? प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर आमच्या हातून एक चूक झाली, आणि ती समजून घेता घेता आम्ही इतिहासात शिरलो. म्हणून आधी ती चूक सांगतो.

आम्ही वाकडला राहायला आलो तेव्हा इमारतींच्या मधे बरेच मोकळे प्लॉट होते. त्यातल्या एका प्लॉटच्या कडेला पत्र्याच्या शेडात वरातीची एक पांढरी घोडी बांधलेली असायची. रोज सकाळी फिरायला जाताना आम्ही खिशात गुळाचा खडा ठेवायचो. स्वतःला गूळ वर्ज्य, वीस वर्षांचा मधुमेह. तेव्हा निदान दुसऱ्याच्या तोंडात घालावा असं काहीतरी मनात असावं. आसपासच्या सोसायट्यांतली मंडळीही मागे नव्हती. शिळ्या पोळ्या, केळी, बिस्किटं, होळीला पुरणपोळी. घोडीचे मालक, त्यांना सगळे मामा म्हणतात, कौतुकानं म्हणायचे, "सर, तुमच्या गुळानं जनावर बघा कसं भरलंय!" मानेवर चरबीची जाड पाळ आली होती. आम्हाला ती रुबाबदार वाटायची.

एका वर्षी पाऊस संपून दसरा झाला, आणि घोडी जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळं वजन मागे घेऊन उभी. तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखं एकेक पाऊल उचलायची. डॉक्टर आले. खुराच्या आतल्या थराला सूज, इंग्रजीत लॅमिनायटिस. पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगितले, औषध दिलं, आणि दुखणं ओसरल्यावर रक्त घेतलं. दुखत असताना घेतलेला आकडा फसवतो, म्हणून थांबले. अहवाल आला तेव्हा आम्ही मधुमेह्याच्या अनुभवानं पहिला प्रश्न विचारला, "साखर किती?" साखर अगदी ठीक होती. इन्शुलिन मात्र कितीतरी पट जास्त.

हे आम्हाला कळेना. माणसाच्या मधुमेहात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि साखर वाढते. घोड्याचं स्वादुपिंड बहुधा हार मानत नाही. ते इन्शुलिन ओततच राहतं, त्यामुळे रक्तातली साखर सरळ दिसते आणि आमच्या घरातलं ग्लुकोमीटर इथे निरुपयोगी ठरतं. पण ते वाढलेलं इन्शुलिनच खुराला मारतं. घोड्याच्या पायातलं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला बारीक पदरांनी जोडलेलं असतं. तीन-चारशे किलोचं जनावर त्या जोडावर तोललेलं असतं. जोड सुटला की हाड फिरतं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या संशोधकांनी निरोगी तट्टांना साखर नियंत्रित ठेवून इन्शुलिन दिलं, आणि तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. त्याआधी पाच वर्षं, २००२ मध्ये, फिलिप जॉन्सन या अमेरिकेतल्या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकांनी लठ्ठपणा, इन्शुलिनचा बिघाड आणि खुराचं दुखणं या तिन्हींना मिळून नाव सुचवलं होतं, इक्वाइन मेटॅबॉलिक सिंड्रोम. म्हणजे नाव अगदी काल-परवाचं. दुखणं मात्र फार जुनं.

इथे आम्हाला आमचा ॲरिस्टॉटल आठवला. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी त्याचं नीतिशास्त्र वाचतात, प्राण्यांवरचा ग्रंथ कोणी उघडत नाही; आम्हीही साठी उलटल्यावरच उघडला. त्यात तो म्हणतो, की कुरणात चरणाऱ्या घोड्यांना पायाचं एक दुखणं सोडलं तर रोग होत नाहीत, आणि त्या दुखण्यात कधी खूर गळून पडतो. तबेल्यात पोसलेल्या घोड्यांना मात्र नाना रोग. त्यांतल्या एकाला ग्रीक लोक 'क्रिथिआसिस' म्हणत. क्रिथे म्हणजे जव. जवाच्या अतिरेकाचं दुखणं! झेनोफनही घोडेस्वारीवरच्या पुस्तकात ते सांगतो. सव्वादोन हजार वर्षांहून आधी रोगाचं नाव धान्यावरून पडलं होतं.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक प्रकरण आहे. त्यात उत्तम घोड्याला धान्य दोन द्रोण, तेल किती, मीठ किती, गवत किती, सगळं मापात दिलंय, आणि मध्यम व कनिष्ठ घोड्याला त्याहून कमी. पण आम्ही थबकलो ते एका छोट्या वाक्यापाशी. अश्ववैद्यांचं काम काय? तर घोड्याचं शरीर वाजवीपेक्षा वाढलं किंवा खंगलं तर त्यावर उपाय करणं, आणि ऋतूप्रमाणे आहार बदलणं. खंगण्याच्या जोडीला वाढणंही आहे, हे लक्षात घ्या. अंग धरणं हे नेहमीच सुदृढपणाचं लक्षण नव्हे, एवढं त्या काळी सरकारी नियमात होतं.

आता दख्खनकडे येऊ, कारण आमचा खरा मुद्दा इथला आहे. भीमेच्या काठचा घोडा तो भीमथडी. लहान चणीचा, काटक. स्थानिक तट्टू आणि अरबी रक्त यांच्या मिश्रणातून आलेला. मराठ्यांच्या पायाखाली हाच. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद केली. हा घोडा पर्जन्यछायेत वाढला. ज्वारीचा कडबा, हरळी, कुळीथ, जमलं तर हरभरा. इंग्रजीत कुळथाचं नावच 'हॉर्स ग्रॅम' पडलं, ते उगीच नाही. आणि ही वैरण बाराही महिने सारखी मिळत नसे. पावसाळ्यात छावणी, हिरवं गवत, घोडा अंग धरायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन, मग रोजच्या मजला, आणि उन्हाळ्यापर्यंत सगळी चरबी उतरलेली. दरवर्षी हेच चक्र. जो घोडा आश्विनात साठवून चैत्रात पुरवू शकत होता तोच टिकला. उधळ्या शरीराचा घोडा १६३० च्या दुष्काळासारख्या एखाद्या वर्षात संपला असणार. इन्शुलिनची ढब बदलून चरबी साठवणं हा त्या जनावराचा दोष नव्हता, ती त्याची शिदोरी होती. हा आमचा तर्क आहे, पण दुसऱ्या देशांतही हे दुखणं जास्त करून शेटलंड, वेल्श अशा काटक तट्टांत दिसतं, शर्यतीच्या थरोब्रेडमध्ये त्या मानानं कमी. त्यामुळे तर्क अगदीच हवेतला नाही.

पागेच्या कारभारात मोजमाप किती होतं, ते आपल्या भाषेतच दिसतं. घोड्याच्या रोजच्या ठरलेल्या दाण्याला स्वतंत्र शब्द, चंदी. ती खायला घालायची पिशवी, तोबरा. तोबरा भरला की संपला, पुन्हा मागायचं नाही! सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था येते, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि खूर, दोन्हींना नेमलेला माणूस.

आणि महाराजांचं ते चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र, राज्याभिषेकाच्या आसपासचं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या मुद्द्यासाठी ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण पुन्हा वाचा, पत्राचा मोठा भाग दाणावैरणीबद्दल आहे. आज आहे म्हणून वाटेल तसं चाराल, मग ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. गवताच्या गंजीजवळ आगट्या नकोत, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवेल. राजा उंदरापर्यंत विचार करतो! आम्ही हे पत्र वर्गात राजधर्माचं उदाहरण म्हणून शिकवलं. ते पशुआहाराचं पत्रक म्हणून वाचावं हे तेव्हा सुचलं नाही. त्यात भीती टंचाईची आहे, हे खरं. पण मोजून देण्याची सवय तीच, आणि ती सवय टंचाई व चंगळ दोन्हींवर चालते.

मोजणाऱ्याची नजरही होती. जुने साळोतरी आणि नालबंद खुरावरच्या वळ्या वाचायचे. वळ्या टाचेकडे रुंद आणि पुढे दाटलेल्या असल्या, तर घोड्याला मागे पायाचं दुखणं येऊन गेलंय, भाव पाडा. आमच्या घोडीच्या खुरावर त्या वळ्या होत्या. मामांचे वडील असते तर त्यांना दिसल्या असत्या, असं मामाच म्हणाले.

नजरेची जागा काचपट्टीनं घेतली तीसुद्धा इथेच. १८८९ साली पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला आहे त्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं हे मूळ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख, आणि त्यांच्या कामातला मोठा विषय घोड्यांचा सर्रा रोग. १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. आपल्या शेजारी पिंपरीला हाफकिन महामंडळाची पागा आहे, सर्पदंशावरचं औषध ज्यांच्या रक्तापासून बनतं त्या घोड्यांची. पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपल्याला फक्त कारखाने दिसतात. असो.

मग बदललं काय? भीमेचं खोरं बदललं. १८८० च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, १९५० च्या सुमारास शेजारच्या खोऱ्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९८० मध्ये उजनीचं धरण झालं. जिथे कडबा जपून ठेवायचा तिथे ऊस. गुऱ्हाळाचा गूळ, उसाचं वाढं, मळी. भीमथडी म्हणजे आज साखरेचा पट्टा. घोड्याचं शरीर जुनंच राहिलं, आणि त्याच्या आयुष्यातून चैत्र नाहीसा झाला. मजला संपल्या, वरातीचा घोडा दोन तास बँडमागे चालतो आणि उरलेले बावीस तास उभा असतो.

हे ऐकून तुम्हाला माणसं आठवली असतील. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळपासच्या खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं, की आपली बाळं वजनानं हडकुळी पण आतून चरबी राखून असतात. आम्ही आणि ती घोडी एकाच दुष्काळाची लेकरं आहोत, एवढंच इथे म्हणतो आणि पुढे जातो, कारण घोडी अजून बर्फात उभी आहे.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून आम्हाला चंदीचा शब्द आठवला. टेपनं मापून वजन निघालं साडेतीनशे किलोच्या आसपास. दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे सव्वापाच किलो, ताणकाट्यावर तोलून, चार वेळा विभागून. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवायचं, निथळायचं, पाणी फेकून द्यायचं. विरघळणारी साखर बरीचशी त्यात जाते. थोडी खनिजंही जातात, ती वेगळी द्यायची. साखर आणि पिष्ट मिळून दहा-बारा टक्क्यांच्या वर असलेला चारा नको. हिरवं लुसलुशीत बंद. गूळ, पोळी, केळं बंद. पण उपाशी ठेवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. लठ्ठ तट्टाला एकदम उपाशी मारलं तर चरबी रक्तात उतरते आणि जनावर दगावतं. मामा आधी तेच करायला निघाले होते.

दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी, पहिल्यासारख्याच परिस्थितीत: तीच वेळ, दाणा नाही, फक्त वाळलं गवत. संशय राहिला तर साखरेचा पाक ठरल्या मापानं तोंडातून देऊन तासा-दीड तासानं इन्शुलिन बघतात. घोडा पंधरा वर्षांपुढचा असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीसाठी एसीटीएच नावाची आणखी एक तपासणी. तिचा आकडा शरद ऋतूत आपसूक वाढतो, म्हणून तो महिना पाहून वाचावा लागतो. ऋतूप्रमाणे बघा, असं कौटिल्य म्हणाला होता ते वेगळ्या वाटेनं परत आलं. आमची घोडी अकरा वर्षांची, त्यामुळे ती तपासणी केली नाही.

त्या वर्षीचा लग्नाचा हंगाम मामांचा बुडाला. तुळशीच्या लग्नापासून पुढच्या सगळ्या सुपाऱ्या परत. त्यांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच जड गेलं. चाचण्यांचा खर्च आम्ही उचलला. ते काही भरपाईत धरू नये. सोसायटीच्या फाटकावर "घोडीला काही खायला देऊ नये" अशी पाटी लावली, तर एका आजींनी आम्हाला निर्दय म्हटलं. मुक्या जनावराचा घास काढता, म्हणाल्या. त्यांना इन्शुलिन समजावता आलं नाही. शेवटी आम्ही ते चिपळूणचं पत्र सांगितलं, आणि ते मात्र त्यांना पटलं.

दुसऱ्या चाचणीत आकडा खाली आला, अजून वाजवीच्या वर आहे. मानेवरची पाळ मऊ पडलीय. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी खूर कापतो. नवा खूर वरून सरळ येतोय, जुन्या वळ्या हळूहळू खाली सरकतायत. पूर्ण खूर बदलायला वर्षभर लागेल. तोवर पाठीवर नवरदेव नाही, मऊ मातीवर थोडं चालणं फक्त.

आता प्रश्न घेऊ. पहिली चिठ्ठी आलीय: "गुळाऐवजी काय द्यावं?" अहो, मालकाला विचारून त्याच्याच तोललेल्या गवतातली एक मूठ हातानं द्यावी. जास्तीची नको, त्यातलीच. आम्ही आता तेच करतो. ती आधी खिसा हुंगते.