एरंडेलापासून सिंथेटिक ऑइलपर्यंत

मोटारीचे ऑइल बदलण्यासाठी गॅरेजमध्ये गेले की मिस्त्री दोन डबे पुढे करतो. एक साधे, म्हणजे खनिज तेलाचे. दुसरे ‘सिंथेटिक’, बरेच महाग. ‘कोणते घालू?’ असे तो विचारतो आणि आपण बहुधा किंमत बघून उत्तर देतो. या प्रश्नामागे रसायनशास्त्राचा मोठा इतिहास आहे आणि त्याच्या शेवटी एक भांडणही आहे.

बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तसे यंत्रालाही लागते. सुरुवातीला हे वंगण चरबीचे किंवा वनस्पतिज तेलांचे असे. वाफेच्या इंजिनाच्या उष्णतेने चरबीचे विघटन होई, त्यातून आम्ले तयार होत आणि ती धातू खात. पेनसिल्व्हानियात १८५९ साली तेलविहीर खोदली गेल्यावर जॉन एलिस या अमेरिकी डॉक्टराच्या लक्षात आले की जमिनीतून निघणाऱ्या तेलाच्या जड भागात हा दोष नाही. १८६६ साली त्याने असे तेल शुद्ध करून विकण्याचा धंदा सुरू केला. तरीही एरंडेल लगेच मागे पडले नाही. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान इंजिनांत तेच वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. त्याचा धूर मात्र वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. त्याचे पोटावर काय परिणाम होत असतील, ते आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको!

खनिज तेलाची अडचण वेगळी होती. ते एक संयुग नसून हजारो प्रकारच्या रेणूंचे मिश्रण असते. त्यात लांब साखळ्या असतात, कडी असतात, गंधकाची संयुगे असतात आणि मेणही असते. हिवाळ्यात आपले खोबरेल बाटलीत थिजते, तसे थंडीत मेणाचे स्फटिक होऊन तेल थिजते. उलट उष्णतेने ते फारच पातळ होते. तापमानाबरोबर विष्यंदिता किती बदलते हे मोजण्यासाठी डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ साली एक निर्देशांक मांडला. पेनसिल्व्हानियाच्या तेलाला त्यांनी १०० गुण दिले आणि मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाला शून्य. जितके गुण जास्त, तितका बदल कमी. हे मोजमाप आजही वापरात आहे.

शुद्ध करून करून असे मिश्रण किती सुधारणार? त्यापेक्षा हवा तो रेणू आपणच का जोडू नये? हा विचार याच सुमारास पुढे आला. इंडियानाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतील सलिव्हन यांनी ओलेफिनांचे बहुवारिकीकरण करून वंगण तयार केले. ते चांगले होते, पण साधे तेल स्वस्तात मिळत असताना ते घेणार कोण? गिऱ्हाईक मिळाले नाही.

गरज होती ती जर्मनीला, कारण तिच्याजवळ स्वतःचे खनिज तेल फारसे नव्हते. आय. जी. फारबेन या कंपनीत हेर्मान झोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोकार्बनांबरोबरच एस्टरांचाही पिच्छा पुरवला. आम्ल आणि अल्कोहोल यांपासून हजारो एस्टर बनवून त्यांनी तपासले. १९४१ च्या हिवाळ्यात रशियाच्या आघाडीवर जर्मन वाहनांची तेले थिजली आणि इंजिनांखाली जाळ करून ती सुरू करण्याची वेळ आली, तेव्हा या संशोधनाचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नाही. युद्धानंतर जेट इंजिने आली. त्यांच्या उष्णतेत खनिज तेल टिकेना, म्हणून विमानांत एस्टरची तेले रूढ झाली.

मोटारीपर्यंत ही तेले पोहोचायला १९७० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत १९७२ साली अ‍ॅमसॉइलने एस्टरवर आधारलेले तेल आणले. पाठोपाठ मोबिल कंपनीने ‘मोबिल १’ काढले. त्याचा पाया पॉलिअल्फाओलेफिन हा होता. इथिलीनपासून दहा कार्बनांचा डिसीन करायचा, त्याचे तीन-चार रेणू जोडायचे आणि उरलेले दुहेरी बंध हायड्रोजनने भरून काढायचे, अशी त्याची कृती. यात मेण नसते, गंधक नसते. मात्र हे तेल रबराचे सील किंचित आकसवते, तर एस्टर ते फुगवतात. म्हणून दोन्ही एकत्र मिसळण्याची युक्ती निघाली.

आता भांडणाकडे वळू. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी एव्हाना दुसरी वाट शोधली होती. उच्च दाबाचा हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून खनिज तेलातीलच कडी फोडायची, मेणाच्या साखळ्यांना फाटे फोडायचे. असे तेल निर्देशांकात १२० च्या पुढे जाते आणि पॉलिअल्फाओलेफिनपेक्षा स्वस्त पडते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅस्ट्रॉलने अमेरिकेतील आपल्या ‘सिंटेक’ तेलात हा पाया वापरला आणि डब्यावर ‘सिंथेटिक’ तसेच ठेवले. मोबिलने जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या स्वयंनियामक मंडळाकडे तक्रार केली. रेणूंची इतकी फेररचना झाली असेल तर त्याला संश्लेषण म्हणायला हरकत नाही, असा निर्णय १९९९ साली लागला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ हे नाव पॉलिअल्फाओलेफिन आणि एस्टर यांच्यासाठीच राखलेले आहे. आम्हाला जर्मनांचा काटेकोरपणा आवडतो. पण इंजिनाला तेलाची वंशावळ कळत नाही, हेही खरे.

अमेरिकेतील एएए या मोटारधारकांच्या संघटनेने २०१७ साली दोन्ही प्रकारांच्या चाचण्या घेतल्या. सिंथेटिक तेले सरासरी सुमारे ४७ टक्के सरस ठरली. तरीही हा फरक सर्वांत जास्त दिसतो तो कडक थंडीत, टर्बोच्या उष्णतेत किंवा तेल फार दिवस ठेवल्यावर. साध्या इंजिनाची जुनी गाडी असेल, पुस्तिकेत खनिज तेल चालेल असे म्हटले असेल आणि ते वेळेवर बदलले जात असेल, तर महाग डब्यावाचून अडत नाही. टर्बो असलेल्या नव्या गाडीत मात्र काटकसर करू नये. दोन्ही वेळा मिस्त्र्याला आधी डब्यावरचा ‘५डब्ल्यू-३०’ यासारखा आकडा आणि त्याशेजारची एपीआय या संस्थेची अक्षरे दाखवायला सांगावीत, आणि ती गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहावीत.