अमली पदार्थांचे वजन आणि शिक्षेविरुद्धचे अपील

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी, अर्थात ‘एनडीपीएस’, कायद्यात शिक्षेची मर्यादा मुख्यत्वे जप्त मालाच्या वजनावरून ठरते. म्हणूनच अपिलात दोषसिद्धीइतकाच वजनाचा मुद्दाही निर्णायक असतो.

२००१ च्या दुरुस्तीने अल्प, मध्यम व व्यापारी असे तीन स्तर निर्माण झाले. व्यापारी प्रमाणाची सीमा हेरॉइनसाठी २५० ग्रॅम, चरससाठी १ किलो, तर गांजासाठी २० किलो आहे. ती ओलांडल्यास किमान १० व कमाल २० वर्षे सक्तमजुरी होते. मध्यम प्रमाणास कमाल १० वर्षांची मर्यादा असून किमान शिक्षेचे बंधन नाही.

मालात भेसळ असल्यास वजन कशाचे धरावे, हा वाद दीर्घकाळ चालला. ‘ई. मायकल राज’ प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने केवळ शुद्ध अंश ग्राह्य धरला. त्यामुळे सुमारे ४ किलो मालातील हेरॉइन अवघे ६० ग्रॅम ठरून शिक्षा १० वर्षांवरून ६ वर्षांवर आली. त्यानंतर १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याची तरतूद केली. २२ एप्रिल २०२० रोजी ‘हिरा सिंग’ प्रकरणात त्रिसदस्यीय पीठाने मायकल राज निर्णय चुकीचा ठरवून मिश्रणाचेच वजन ग्राह्य मानले.

तरीही अपिलाचे दरवाजे बंद झालेले नाहीत. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे वनस्पतीचे फुलोऱ्याचे वा फळधारी शेंडे. शेंड्यांशिवायची पाने व बिया त्यात मोडत नाहीत. पाने, देठ वेगळे न करता सरसकट वजन केले काय, वेष्टनाचे वजन वगळले काय, प्रत्येक पुडक्यातून स्वतंत्र नमुना घेतला काय आणि कलम ५२-अ नुसार दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढले काय, हे प्रश्न उपस्थित करता येतात.

विशेष न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावे लागते. गोव्यातील अपिले पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालतात. अपील प्रलंबित असताना न्यायालय शिक्षा स्थगित करू शकते, असे ‘दादू’ प्रकरणात (२०००) स्पष्ट झाले आहे. मात्र व्यापारी प्रमाण असल्यास कलम ३७ च्या कठोर अटी लागू होतात. वजन सीमेखाली आल्यास या अटी सहसा उरत नाहीत आणि १० वर्षांची किमान शिक्षाही टळते. म्हणून पंचनामा, वजनाची नोंद व प्रयोगशाळेचा अहवाल यांतील आकडे परस्परांशी ताडून पाहणे, हे अपिलाच्या तयारीतील पहिले काम होय.