बर्फ सरोवराचा, मृत्यू मेन स्ट्रीटच्या पूर्वेला

२३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. नाताळ दोन दिवसांवर आलेला. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरावर सकाळीच हिमवादळ धडकलं. वारा आणि बर्फ यांमुळे सलग ३७ तास समोरचं काही दिसत नव्हतं. विमानतळावर एकूण ५१.९ इंच, म्हणजे सव्वाचार फुटांहून अधिक बर्फाची नोंद झाली. बफेलो ज्या एरी कौंटीत येतं, तिथं ४७ माणसं दगावली. त्यातली ३१ एकट्या बफेलोतली आणि त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. शहराच्या लोकसंख्येत मात्र कृष्णवर्णीयांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे.

बर्फ कुणाचा रंग पाहून पडत नाही. मग मृतांची यादी अशी का झाली? त्याचं अर्धं उत्तर सरोवरात आहे आणि अर्धं शहराच्या इतिहासात.

आधी सरोवराकडे पाहू. बफेलो हे एरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलं आहे. सरोवराची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर, सरासरी खोली अवघी १९ मीटर. हिवाळ्याच्या सुरुवातीला गोठवणारी हवा येते, तेव्हा पाण्यात अजून उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. या पाण्यावरून जाताना थंड हवा ऊब आणि बाष्प उचलते, वर चढते, तिचे ढग होतात आणि किनाऱ्यावर त्यांचा बर्फ कोसळतो. वारा सरोवराच्या लांबीला धरून नैर्ऋत्येकडून वाहिला, की हा सारा साठा बफेलोच्या दारात रिता होतो. यालाच ‘लेक-इफेक्ट’ हिमवृष्टी म्हणतात. तिचे पट्टे अरुंद असतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ साचला, तर उत्तर भागात जेमतेम काही इंच पडला.

सरोवर गोठलं की बाष्प मिळणं थांबतं. म्हणून बर्फाचं झाकण बसलं की सहसा धोका ओसरतो. १९७७ साली हा आडाखा चुकला. त्या हिवाळ्यात सरोवर १४ डिसेंबरलाच गोठलं होतं. गोठलेल्या पृष्ठभागावर भुसभुशीत बर्फाचा थर साचत गेला. २८ जानेवारीला, तोही शुक्रवारच, ताशी ११० किलोमीटरच्या आसपास झोत असलेल्या वाऱ्यानं तो थर उचलून शहरावर आणून टाकला. नवा बर्फ पडला तो केवळ फूटभर. तरीही २९ माणसं गेली. काहींचे मृतदेह बर्फाखाली गाडल्या गेलेल्या मोटारींत सापडले. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्रीय आपत्ती जाहीर केली. हिमवादळासाठी अशी घोषणा होण्याची ती पहिलीच वेळ होती.

बर्फ देणाऱ्या या सरोवरानंच बफेलोला श्रीमंतही केलं होतं. १८२५ मध्ये एरी कालवा खुला झाला आणि पश्चिमेकडचं धान्य इथून न्यूयॉर्ककडे जाऊ लागलं. १८४२ मध्ये इथं वाफेवर चालणारं धान्य-कोठार उभं राहिलं. शेजारच्या लॅकवाना गावात किनाऱ्यालगत पोलादाचा अवाढव्य कारखाना आला. तिथं राबायला आलेल्यांत येमेनी मुसलमान मजूरही होते. त्यांची वस्ती आणि मशीद आजही तिथं आहे. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग सुरू झाला आणि जहाजांना बफेलोत थांबण्याची गरज उरली नाही. १९८३ मध्ये पोलाद कारखान्याचं बहुतेक काम बंद पडलं. १९५० साली ५ लाख ८० हजार लोकसंख्या असलेलं हे शहर २०२० मध्ये २ लाख ७८ हजारांवर आलं.

ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. ज्यांना जाऊ दिलं नाही ते मागे राहिले. दक्षिणेकडच्या राज्यांतून कामासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या १९३०च्या दशकातल्या सरकारी नकाशांत लाल रंगानं दाखवल्या गेल्या. लाल रंग म्हणजे इथं घरासाठी कर्ज देणं धोक्याचं. पुढं १९६०च्या दशकात झाडांनी भरलेला हम्बोल्ट पार्कवे उखडून तिथं द्रुतगती महामार्ग खणला गेला आणि पूर्वेकडची वस्ती मधोमध चिरली गेली. ‘मेन स्ट्रीट’च्या पूर्वेला कृष्णवर्णीय आणि पश्चिमेला गोरे, अशी विभागणी रूढ झाली. अलीकडच्या काळात न्यूयॉर्क शहरातून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी याच पूर्व भागात जुनी लाकडी घरं विकत घेतली. तिथल्या काही जुन्या चर्चमध्ये आता मशिदी आहेत.

या भागातल्या जेफरसन अॅव्हेन्यूवर लोकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २००३ मध्ये एक मोठं किराणा दुकान आलं. १४ मे २०२२ रोजी एका वंशद्वेष्ट्या गोऱ्या तरुणानं त्याच दुकानात दहा कृष्णवर्णीयांना गोळ्या घालून ठार केलं. दुकान दोन महिने बंद राहिलं, तेव्हा परिसरात तोडीचं दुसरं दुकान नव्हतं. वादळ आलं ते याच वर्षाच्या अखेरीस.

घरात आठवडाभराचं सामान भरून ठेवायला हाती पैसा लागतो, जवळ दुकान लागतं, दुकान दूर असेल तर गाडी लागते. पूर्वेकडच्या अनेक घरांत यातलं काहीच नव्हतं. वाहनबंदी सकाळी साडेनऊपासून लागू झाली. ती ऐनवेळी जाहीर झाल्यानं तोवर बरेच जण कामावर पोहोचले होते. रोजंदारीच्या माणसाला अंदाज ऐकून घरी बसणं परवडत नाही. पुढं अग्निशमन दलाच्या गाड्या आणि रुग्णवाहिकाही बर्फात अडकल्या. कुणी रस्त्यात गोठलं, कुणी मोटारीत, तर कुणी वीज गेलेल्या घरात. मदत वेळेवर न पोहोचल्यानंही माणसं गेली. आमच्या गल्ल्यांतला बर्फ सर्वांत शेवटी उपसला गेला, ही पूर्वेकडच्या रहिवाशांची तक्रार होती.

त्याच वादळात एका तरुणानं एका शाळेची खिडकी फोडून वीसहून अधिक अडकलेल्यांना आत नेलं आणि निघताना माफीची चिठ्ठी ठेवली. पोलिसांनी नंतर त्याचे आभार मानले. ऊब असलेली इमारत तिथं होतीच. तिचं दार संकटाच्या वेळी कुणी उघडायचं, हे मात्र आधी ठरलेलं नव्हतं.

सरोवराला वळवता येत नाही. पुढच्या हिवाळ्यांतही वारा नैर्ऋत्येकडून येईल आणि बर्फ पडेल. वाहनबंदी आदल्या रात्री जाहीर करणं, निवारे पूर्वेकडे आधी उघडणं, गल्लीतला बर्फ मुख्य रस्त्याइतक्याच तातडीनं काढणं, हे मात्र माणसांच्या हातातलं आहे. १९३०च्या दशकात नकाशावर लाल रंग भरणारे हातही माणसांचेच होते.