मतदानाची अट कुणी काढली? पुण्यातली १९२८ ची साक्ष

आजची गोष्ट आपल्या पुण्यातलीच आहे.

२३ ऑक्टोबर १९२८. सायमन कमिशन पुण्यात आलंय. काँग्रेसचा बहिष्कार, देशभर ‘सायमन, परत जा’च्या घोषणा. आणि ३७ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने साक्ष द्यायला जातात. यावरून त्यांना भरपूर बोलणी खावी लागली. पण त्यांनी मागितलं काय, ते बघा: प्रत्येक प्रौढाला मत.

तेव्हा मत होतं कुणाला? १९१९ च्या कायद्यात आधी पात्रता सिद्ध करायची. जमिनीचा सारा किती भरता, राहत्या घराचं भाडं किती, इन्कम टॅक्स भरता का? मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे सरळ असं दिसतं: डीफॉल्ट उत्तर ‘नाही’, आणि ‘हो’ साठी अटी. मुंबई प्रांतात १९२१ मध्ये बायकांनाही मत मिळालं, पण अटी त्याच. आता जमीनच नवऱ्याच्या नावावर असेल तर? झालं!

आंबेडकरांना हे डीफॉल्टच उलटं हवं होतं. नेहरू रिपोर्टनेही त्याच वर्षी प्रौढ मताधिकार मागितला होता. आणि गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळून जेमतेम तीन-चार महिने झाले होते.

‘पण लोक अडाणी आहेत ना?’ हा आक्षेप तेव्हाही होता, आजही व्हॉट्सअॅपवर येतो. आंबेडकरांनी मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात त्याला उत्तर दिलंय. निरक्षर म्हणजे बुद्धी नसलेला नव्हे. आणि सरकारनेच बहुजनांना शिकवलं नाही, तर दोष त्यांचा कसा? मला हा मुद्दा अजूनही खोडता आलेला नाही.

तरी १९३५ च्या कायद्यातही अटी राहिल्याच. त्या गेल्या राज्यघटनेच्या कलम ३२६ ने. वय २१ पूर्ण, बस. (२१ चं १८ व्हायला १९८९ उजाडलं, तो वेगळा एपिसोड.)

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून जास्त मतदार होते. यादी करायला माणसं दारोदार फिरली. पण सुमारे २८ लाख बायकांची नोंद शेवटी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी रद्द केली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. अट कुठलीच आड आली नव्हती. त्यांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, त्यामुळे यादीत लिहिलं गेलं होतं: अमक्याची आई, तमक्याची बायको.