हौशी, धंदेवाईक आणि १८८३ चा चषक

आपल्याकडे इतिहास म्हटला की लढाया, तह आणि चळवळी आठवतात. खेळांच्या नोंदी करमणुकीच्या सदरात जातात. ही वाटणी आम्हांला रास्त वाटत नाही. एखादा समाज आपला मोकळा वेळ कोणाला देतो आणि कोणाला नाकारतो, हे पुष्कळदा खेळाच्या मैदानावर अधिक स्पष्ट दिसते. इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशनच्या चषकस्पर्धेचा १८८२-८३ चा हंगाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

ही स्पर्धा १८७१ साली सुरू झाली. असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स आल्कॉक हे हॅरो या शाळेचे माजी विद्यार्थी. त्या शाळेतील निरनिराळ्या वसतिगृहांचे संघ आपसांत बाद पद्धतीने सामने खेळत. तीच कल्पना आल्कॉक यांनी देशपातळीवर आणली. पहिल्या वर्षी अवघ्या १५ संघांनी नावे दिली. पुढची दहा वर्षे चषक दक्षिणेतील संघांकडेच फिरत राहिला. हे संघ श्रीमंत शाळांचे माजी विद्यार्थी, विद्यापीठीय तरुण आणि लष्करी अधिकारी यांचे होते. खेळ त्यांचा, नियम त्यांचे आणि चषकही त्यांचाच.

परंतु बाद पद्धतीत एक गोष्ट अंगभूत असते, ती म्हणजे सोडत. एरवी कोणाशी सामना खेळायचा हे प्रत्येक संघ स्वतः ठरवी, आणि समाजात जो आपल्या पंक्तीला बसतो त्याच्याशीच खेळता येई. चिठ्ठीला मात्र कुळ आणि पंक्ती कळत नाही. पुढच्या फेऱ्यांत जो समोर येईल त्याच्याशी खेळणे भाग पडे. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे दोन वर्ग ९० मिनिटांसाठी एकाच हिरवळीवर, एकाच नियमाखाली आले ते या पद्धतीमुळे.

३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर नेमके हेच घडले. एका बाजूला ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन या शाळेचे माजी विद्यार्थी. आदल्याच वर्षी ब्लॅकबर्न रोव्हर्सला हरवून त्यांनी चषक जिंकला होता. त्यांच्यातील आर्थर किनेर्ड हे उमराव घराण्यातील गृहस्थ आपला नववा अंतिम सामना खेळत होते. दुसऱ्या बाजूला लँकेशायरमधील ब्लॅकबर्न ऑलिंपिक हा १८७८ साली स्थापन झालेला संघ. त्यात विणकर होते, सूत कातणारा होता, लोखंडाच्या ओतशाळेतला कामगार होता, प्लंबर होता, तसबिरींच्या चौकटी करणारा होता, एक कारकूनही होता. उपांत्य सामन्यात त्यांनी ओल्ड कार्थुजियन्स या दुसऱ्या माजी विद्यार्थी संघाला ४-० असे हरवले होते.

अंतिम सामन्यात पहिला गोल इटोनियन्सच्या हॅरी गुडहार्टचा. हा पुढे एडिंबरा विद्यापीठात लॅटिनचा प्राध्यापक झाला. उत्तरार्धात मॅथ्यूजने बरोबरी साधली. मध्येच इटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. जादा वेळात कॉस्टली या सूत कातणाऱ्या तरुणाने दुसरा गोल केला आणि चषक प्रथमच उत्तरेकडे गेला.

‘मजुरांनी उमरावांना हरवले’ असे म्हणून ही कथा सांगण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि ती खोटीही नाही. मात्र तेवढ्यावर थांबलो तर कारणे निसटतात. पहिले कारण १८५० च्या कारखाना कायद्यात आहे. त्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालणे कठीण, तेव्हा पुरुषांनाही सुटी मिळाली. लँकेशायरचे फुटबॉल या अर्ध्या दिवसात वाढले. दुसरे कारण पैसा. सिडनी येट्स या ओतशाळेच्या मालकाने पदरमोड केली, म्हणून हे कामगार सामन्यापूर्वी ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी राहून सराव करू शकले. शेफील्डहून आलेला, इंग्लंडकडून खेळलेला जॅक हंटर त्यांची तयारी करून घेत होता. चेंडू एकट्याने पायाशी घोळवत नेण्याऐवजी मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांब पास देण्याचा त्यांचा खेळ या एकत्र सरावातून आला.

येथे मुंबईची आठवण अपरिहार्य आहे. ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेली धोतरे हिंदुस्थानच्या बाजारात येत होती, आणि मुंबईतही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. पण १८८३ साली मुंबईच्या गिरणीकामगाराला आठवड्याची एक सुटीही हक्काची नव्हती. सत्यशोधक विचारांचे, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुटीची मागणी केली, ती मान्य व्हायला १८९० उजाडले. ब्लॅकबर्नच्या कामगाराला अर्धा शनिवार मिळून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. धंदा एकच, कापडाचा. दोन शहरांतील फुरसतीत मात्र एवढे अंतर होते.

इटोनियन्सच्या चाहत्यांना खुपला तो पराभवापेक्षा हा सराव. खेळासाठी काम सोडून राहणे त्यांना शिष्टसंमत वाटेना. यामागे ‘हौशी’ या शब्दाची प्रतिष्ठा आहे. मराठी वाचकाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. ‘हौशी रंगभूमी’ म्हणताना आपला स्वर आदराचा असतो आणि ‘धंदेवाईक नट’ म्हणताना तो किंचित खाली येतो. पण हौस ही ज्याची चूल आधीच पेटलेली आहे त्यालाच निर्मळ ठेवता येते. विणकराचा दिवस बुडाला की मजुरी बुडते. त्याची भरपाई घेणे हा त्याचा लोभ नव्हे. इटोनियन्सची हौस खरी होती यात संशय नाही. मात्र तिचे भाडे त्यांच्या घराण्यांनी कधीच भरून ठेवले होते.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. १८८४ साली प्रेस्टन संघावर खेळाडूंना पैसे दिल्याचा आरोप झाला, तेव्हा त्यांच्या विल्यम सुडेल यांनी तो सरळ कबूल केला. प्रेस्टनला स्पर्धेतून काढले गेले, पण १८८५ मध्ये असोसिएशनला पैसे घेऊन खेळणे नियमांत बसवावे लागले. १८८३ नंतर कोणत्याही हौशी संघाने हा चषक जिंकलेला नाही.

आणि ऑलिंपिक? त्याच गावातील अधिक सधन रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा चषक नेला. १८८८ मध्ये बारा संघांची लीग निघाली; तीत रोव्हर्स होते, ऑलिंपिक नव्हते. १८८९ साली ऑलिंपिकचा संघ बंद पडला. ज्या पैशाने कामगारांना मैदानाचे दार उघडून दिले, त्याच पैशाच्या शर्यतीत त्यांचा संघ मागे पडला. म्हणून १८८३ चा तो सामना आम्ही केवळ विजयगाथा म्हणून वाचू शकत नाही. विद्यार्थ्यांनी तो वाचावा तो एका प्रश्नासह: ज्या ज्या ठिकाणी आपण ‘निखळ हौस’ म्हणून कौतुक करतो, मग ते मैदान असो, रंगमंच असो वा साहित्य, तेथे लागणारा मोकळा वेळ कोणाच्या खर्चाने आला?