अडकलेला काटा : पोकळी मोजण्याची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी गावाहून आग्नेयेस निघाले, लोणार मागे टाकले, की पुढे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ लागते. तेथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या. त्यांतून लेझरचा प्रकाश धावणार, आणि त्याच्या वाटेत हवा जवळजवळ नसावी लागते. बाहेरच्या हवेचा दाब ७६० टॉर. नळीत तो एका टॉरच्या अब्जाव्या भागाच्या आसपास हवा.

हवा काढणे हे निम्मेच काम. ती खरोखर निघाली, हे ठरवायचे कशावरून?

एक टॉर म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची एक मिलिमीटर उंची. मिलिमीटरचा हजारावा भाग डोळ्याला दिसणार नाही. १८७४ मध्ये हर्बर्ट मॅक्लाउड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने यावर सुरेख तोड काढली. काचेच्या मोठ्या फुग्यात विरळ वायू कोंडायचा आणि खालून पारा चढवून तो केसासारख्या बारीक नळीत दाबायचा. आकारमान दहा हजार पटींनी घटले, तर बॉइलच्या नियमानुसार दाब तितकाच वाढतो. मग तो साध्या पट्टीने मोजता येतो. मात्र प्रत्येक मोजणीसाठी पारा चढवा, उतरवा, हा खटाटोप आलाच. शिवाय पाण्याची वाफ दाबली की तिचे पाणी होते आणि उत्तर चुकते.

१९०६ मध्ये मार्चेल्लो पिरानी याने पारा बाजूला सारला. तो बर्लिनमध्ये विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात काम करी. तापलेल्या तारेची उष्णता वायूचे रेणू वाहून नेतात. रेणू कमी झाले की तार अधिक तापते व तिचा विद्युत्‌रोध वाढतो. तो मोजला की दाब कळतो. परंतु टॉरच्या हजाराव्या भागाखाली ही युक्तीही क्षीण होत जाते.

त्याखालच्या प्रदेशासाठी ऑलिव्हर बकली याने १९१६ मध्ये आयन गेज मांडले. तापलेल्या तंतूतून इलेक्ट्रॉन निघतात, धनभारित जाळीकडे धावतात आणि वाटेत भेटलेल्या रेणूंना फोडतात. त्यातून निघालेले धन आयन संग्राहकावर जमतात. जितके रेणू, तितका प्रवाह.

येथेच घोळ झाला. पंप कितीही सुधारले तरी काटा टॉरच्या दहा कोटीव्या भागापाशी येऊन थांबे. अनेकांना वाटले, यंत्रांची मर्यादा आली. पण एक गोष्ट जुळत नव्हती. त्या दाबाला धातूच्या स्वच्छ पृष्ठावर वायूचा पातळ थर काही मिनिटांत बसायला हवा होता. प्रत्यक्षात पृष्ठे त्याहून कितीतरी अधिक काळ स्वच्छ राहत. म्हणजे पोकळी काट्याच्या सांगण्याहून अधिक रिती होती!

१९४७ मध्ये वेन नॉटिंगहॅम याने कारण सुचवले. जाळीवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे मंद क्ष-किरण उठतात, ते संग्राहकावर पडून त्यातून इलेक्ट्रॉन उडवतात. संग्राहकातून इलेक्ट्रॉन जाणे आणि त्यावर धन आयन येणे, मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच. दाब शून्य झाला तरी हा प्रवाह उरणारच.

१९५० मध्ये वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत बेयार्ड व अल्पर्ट यांनी रचना उलटी केली. तंतू जाळीबाहेर नेला आणि रुंद संग्राहकाऐवजी जाळीच्या मध्यभागी एक बारीक तार ठेवली. क्ष-किरणांना पडायला जागा शेकडो पटींनी घटली, आयन मात्र पूर्वीसारखेच सापडत राहिले. काटा एकदम खाली उतरला. इतका साधा बदल सुचायला इतकी वर्षे लागली, याचे नवल वाटते.

या गेजमध्ये टॉरच्या अब्जाव्या भागाला जो प्रवाह मिळतो, तो सामान्यतः काही दशक पिकोअँपिअरचा. एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीवा भाग. त्या दाबालाही प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये सुमारे साडेतीन कोटी रेणू असतात. पोलादी नळीत ते बहुतांशी हायड्रोजनचे, कारण तो पोलादातूनच हळूहळू झिरपत असतो. गेज मात्र सहसा नायट्रोजनवर जुळवलेले असते आणि हायड्रोजनचा दाब निम्म्याहून कमी दाखवते. म्हणून काट्यावरचा आकडा दुपटीहून थोड्या अधिक संख्येने गुणावा लागतो.