टर्बोवाली सिटी

होंडा सिटी म्हटलं की आपल्याला आठवते ती १९९८ मध्ये भारतात आलेली डिकीवाली सेडान. पण जपानमधली १९८१ ची मूळ सिटी चक्क उंच छपराची, आखूड हॅचबॅक होती!

१९८२ मध्ये होंडाने तिच्या १.२ लिटर इंजिनाला टर्बो जोडला. वाया जाणाऱ्या धुराने टर्बाइन फिरवायचं आणि त्याच जोरावर जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. ताकद १०० हॉर्सपॉवर, वजन जेमतेम ७०० किलोच्या आसपास! १९८३ च्या 'टर्बो टू'मध्ये इंटरकूलर आला. हवा थंड म्हणजे दाट, त्यामुळे आकडा ११० वर. टोपणनाव पडलं बुलडॉग.

आज छोट्या इंजिनाला टर्बो लावतात तो मुख्यतः मायलेजच्या हिशेबाने. तेव्हा तो मजेसाठी होता. मला वाटतं, आपल्याकडे फक्त नाव आलं, मस्ती तिकडेच राहिली.